संत फ्लोरियनला दाढी येते

शनिवारी सकाळी झेनोनास काळ्या पावावर लोणी थापत होता. त्याची बहीण तेक्ले अंगणातून आत आली, आवाज न करता दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "दादा, तुझ्या फ्लोरियनला दाढी आलीय."

दाढीपेक्षा झेनोनासला 'हळूच'ची जास्त भीती वाटली. नवरा गेल्यावर तेक्ले भावाकडे राहायला आली, तेव्हापासून शिलागाले गावात संध्याकाळी कोंबड्यांना वेगळी हाक मारावी लागत नसे. तिने भावाला जेवायला बोलावलं की चार घरच्या कोंबड्या आपापल्या खुराड्यात जात. अशी बाई कुजबुजते म्हणजे घरी एक तर फादर आलेले असतात, नाहीतर मरण.

"कुणी लावली?"

"लावतंय कोण. आपली आपण आली. आणि हलतेय."

झेनोनास लाकडातून संत कोरायचा. आजवर त्याच्या हाताखालून पुष्कळ संत गेले होते. त्यांची बोटं सुरेख, कपड्यांच्या चुण्या सुरेख, पण चेहऱ्याकडे पाहिलं की लोक म्हणत, "संत आहेत खरे, पण घरी नाहीत." त्याचा शेवटचा संत आंतानास चर्चमध्ये खांबामागे उभा होता आणि चर्चचा सेवेकरी त्याच्या पुढे केलेल्या हातावर ओला कोट वाळत घालायचा. म्हणून गावच्या बंबवाल्यांनी फायर स्टेशनसमोर उभा करायला आगीपासून राखणारा संत फ्लोरियन मागितला, तेव्हा झेनोनासने मनाशी ठरवलं, की हा घरी असलेलाच करायचा. अख्खा हिवाळा तो मागच्या कोठीत खिडकीशी बसून लिंडनचं लाकूड कोरत होता. चेहरा त्याने कुणाला दाखवला नाही. त्यावर कायम पोतं असायचं. तो चेहरा आपल्याला सुचला कुठून हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. बहुधा मामाचा असावा, असं ठरवून त्याने तो विषय मिटवला होता.

उद्या रविवारी प्रार्थनेनंतर फादर येऊन मूर्तीला आशीर्वाद देणार होते. बंबवाल्यांचा बँड दोन आठवडे एकच गाणं बसवत होता आणि ते अजून बसत नव्हतं. मेणाचा शेवटचा हात उन्हात सुकावा म्हणून झेनोनासने आज पहाटेच मूर्ती सफरचंदाच्या झाडाखाली आणून पोतं काढलं होतं.

तो बाहेर आला आणि पायरीवरच थांबला.

संत ओंडक्यावर उभा होता, पण शिरस्त्राणापासून छातीपर्यंत तो दिसतच नव्हता. तिथे मधमाश्या होत्या. एकीच्या पायाला दुसरी, दुसरीच्या पायाला तिसरी, असं करत त्या हनुवटीवरून खाली उतरून उजव्या हातातल्या बादलीपर्यंत पोचल्या होत्या आणि बादलीच्या काठावरून संताच्या पायाशी कोरलेल्या जळत्या घराकडे ओघळत होत्या. जे पाणी लाकडातून वाहतं करायला झेनोनासने हिवाळाभर छिन्नी चालवली होती, ते त्यांनी न्याहारीच्या आत वाहतं करून ठेवलं होतं. चर्चमध्ये ऑर्गनचा पहिला सूर निघण्याआधी त्याच्या पोटात हवा भरते, तेवढाच आवाज येत होता. सूर मात्र लागत नव्हता. तो कुठल्याही क्षणी लागेल, एवढंच वाटत होतं.

झेनोनासने टोपी काढून छातीशी धरली. बराच वेळ तो नुसता बघत राहिला. मग त्याला उद्याचा रविवार आठवला.

"सत्यानाश," तो म्हणाला.

"हळू," तेक्ले म्हणाली. "त्यांच्यासमोर असलं बोलतात का."

आमच्याकडे बोलत नाहीत. आमच्याकडे जनावर मरतं, पण मधमाशी वारते, माणसासारखी, आणि सापडली तर तिला पुरतातही. तिच्यासमोर शिवी देत नाहीत, भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं भांडण बहीणभावांनी आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखं केलं.

"मेण कुठलं लावलंस, दादा?" तेक्लेने गोड विचारलं.

"तू बाजारातून आणलंस ते."

"आणि बाजारात ते आलं कुठून असेल? या गावात माश्या पाळतं कोण, राजा?"

दोघांनी कुंपणाकडे पाहिलं. कुंपणापलीकडे आदोमास त्यांच्याकडे पाठ करून गवत कापायच्या लांब विळ्याला धार लावत होता. त्याच्यामागे मधाच्या रंगीत पेट्यांची रांग होती आणि तिच्यातली निळी पेटी लग्न लागून वऱ्हाड गेलेल्या घरासारखी शांत होती.

"त्याच्याच आहेत," तेक्ले म्हणाली. "स्वतःच्या मेणाचा वास आला, आल्या. जा, हाक मार त्याला."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"तो कुणाशीच बोलत नाही."

"इतरांशी बोलत नाही तो त्याचा स्वभाव. माझ्याशी बोलत नाही ते वैर आहे."

वैराचं कारण गावात सगळ्यांना पाठ होतं, कारण झेनोनास ते दरवर्षी अळंबीच्या दिवसांत सांगायचा. वीसेक वर्षांपूर्वी आदोमास जंगलातून तपकिरी टोपीच्या अळंबीने शिगोशीग भरलेली टोपली घेऊन येत होता. झेनोनासने शेजारधर्माने विचारलं, "कुठे मिळाली?" आमच्याकडे माणूस आपली अळंबीची जागा पोटच्या पोरालाही सांगत नाही, हे झेनोनासला ठाऊक होतं. त्याला उत्तर नको होतं, चांगली सजवलेली थाप हवी होती. आदोमासने हनुवटी वर केली, समोरच्या सबंध जंगलाकडे रोखली आणि म्हणाला, "जंगलात." आणि गेला. थाप मारण्याइतकीही आपली किंमत नाही, हे झेनोनासच्या जे जिव्हारी लागलं ते लागलंच. त्या दिवसापासून तो आदोमासशी बोलला नव्हता, आणि न बोलण्यात त्याने एक दिवसही खाडा केला नव्हता.

"शिवाय," तो म्हणाला, "मोहोळ काढायला त्याला बोलावलं की मी त्याचा बिचूलिस झालो."

हे तेक्लेलाही पटलं. एकाच्या माश्या उडून दुसऱ्याच्या अंगणात उतरल्या की ती दोन घरं बिचूलिस होतात. हे नातं सोयरिकीपेक्षा घट्ट. सोयरिकीत भांडता तरी येतं. बिचूलिसाशी भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही, मध वाटून खायचा, आणि तो दारात आला की मागचं काही न काढता त्याला बसायला द्यायचं. माश्या विकत घेता येत नाहीत, तसं हे नातंही पैसे टाकून चुकवता येत नाही.

"मग पेत्रोनेलेला बोलाव," तेक्ले म्हणाली.

पेत्रोनेले पलीकडच्या गावातली मधपाळ. फोन ठेवते न ठेवते तोच सायकलवर जाळीची टोपी नि टोपली अडकवून आली. बडबडी बाई, पण फाटकातून आत आली आणि तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. सायकल तिने गवतावर आडवी केली, झोपलेल्या मुलाला ठेवतात तशी.

"अगं बाई," ती शेवटी म्हणाली. "एवढं मोठं मी आईच्या वेळी पाहिलं होतं. त्यानंतर नाही."

तिघंही उभी राहिली. मोहोळाच्या कातडीवरून मधेच एक लाट सरकायची, वाऱ्याने पिकावरून जावी तशी, आणि वारा तर नव्हता.

"काढ ना मग," झेनोनास म्हणाला.

"काढते की. माश्या कुणाच्या?"

झेनोनास सफरचंदाकडे बघायला लागला. तेक्लेने कुंपणाकडे मान वळवली. पेत्रोनेलेने निळी पेटी पाहिली आणि जाळीची टोपी काढून पुन्हा हँडलला अडकवली.

"नाही बाबा. मी आधीच त्याची बिचूलिस आहे. त्याच्या माश्या एकदा माझ्या धुराड्यात शिरल्या, तेव्हापासून. दर सणाला येतो, मध ठेवतो, बाकावर बसतो. आणि बसतो म्हणजे बसतोच. एक शब्द नाही. मागच्या नाताळला इतका वेळ बसला की शेवटी मला राहवेना, आणि त्याच्या भाचीच्या लग्नात केक मी मुद्दाम कोरडा केला होता हे मी त्याला सांगून टाकलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'हं.' त्यावर मी आणखी दोन गोष्टी कबूल केल्या." तिने आवाज आणखी उतरवला. "या माश्या मी उचलल्या तर आपण तिघं एकमेकांचे बिचूलिस. म्हणजे तुमच्याकडेही खरं बोलावं लागणार. मला एकच घर पुरे आहे."

"मग मी काय करू?"

"तुला काही करायचंच नाहीये, झेनोनास. त्या उतरल्या तेव्हाच तू त्याचा झालास. जन्माला येताना विचारलं होतं का तुला, की भाऊ कुणाचा व्हायचंय? आता फक्त हाक मारायची राहिलीय. ज्याच्या अंगणात मोहोळ, त्याने बोलावल्याशिवाय मालकाला कुंपण ओलांडता येत नाही. म्हणून तर तो सकाळपासून विळा घासतोय. त्या विळ्यात आता काही उरलं नसेल."

तेवढ्यात फाटकाशी बंबाची गाडी येऊन थांबली. मूर्ती न्यायला बंबवाल्यांचा प्रमुख गिंताउतास आला होता. धिप्पाड माणूस, गाडीतून उतरतानाच बोलत उतरला, "काय काका, तयार का आपला..." आणि मग त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. फ्लोरियनसमोर फायर ब्रिगेडचा प्रमुख उघड्या डोक्याने उभा, हे दृश्य रविवारी व्हायचं होतं ते शनिवारीच झालं.

"पाण्याचा फवारा मारू का, हलकासा?" त्याने विचारलं. दोन्ही बायकांनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "विचारलं आपलं. मग धूर?"

"फ्लोरियनला?" तेक्ले म्हणाली.

"नाही, बरोबर. त्यांना धूर बरा दिसणार नाही." त्याने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "असेच नेले तर? फादरांना सांगू, जमेल तेवढ्या भागाला आशीर्वाद द्या."

पेत्रोनेले मूर्तीच्या मागे जाऊन वाकली होती. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता.

"झेनोनास, मूर्ती आतून पोकळ आहे का?"

"आहे तर. लाकूड तडकू नये म्हणून पाठीतून कोरून वर फळी बसवतात."

"फळीला झग्याखाली फट आहे. माश्या आत जाऊन बघून येतायत. आल्या की नाचून इतरांना सांगतायत. घर पसंत पडलंय त्यांना." तिने सावकाश सांगितलं. "राणी आत गेली की संपलं. मग ते त्यांचं घर."

घरात गेलेल्या माश्यांना बाहेर काढणारा माणूस आमच्या भागात मिळणार नाही. मग फ्लोरियन या सफरचंदाखालीच राहणार, माश्या त्याच्यात पिढ्यान्पिढ्या नांदणार आणि फायर स्टेशनसमोर रिकामा चौथरा. लोक म्हणणार, झेनोनासचा हा संत मात्र घरी आहे, पण दुसऱ्याच्या. आणि तो चेहरा, जो एकदाच, या एकाच हिवाळ्यात त्याच्या हातून उतरला होता, तो कुणीच बघणार नाही.

एक माशी झग्याच्या फटीत शिरली. तिच्यामागून दहाबारा गेल्या.

झेनोनास कुंपणाकडे चालायला लागला. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलायचं याची त्याने मनात जुळवाजुळव केली होती. त्यात 'शेजारधर्म' होता, 'मोठेपणा' होता, एके ठिकाणी 'तरीसुद्धा'ही होतं. कुंपणाशी पोचेपर्यंत त्यातलं काही उरलं नाही.

"आदोमास."

विळ्याचा आवाज थांबला.

"तुझ्या माश्या माझ्याकडे आहेत."

"हं."

"येतोस का?"

आदोमासने विळा झाडाला टेकवला आणि झाडामागून टोपली काढली. टोपलीत हंसाचं मोठं पीस, पाण्याचा डबा, लिंडनच्या डहाळ्यांची जुडी, सगळं तयार होतं. तो फाटकाशी आला. झेनोनासने फाटक उघडलं, पण वाटेतून बाजूला मात्र होईना. आत घेण्याआधी हिशेब स्वच्छ असलेला बरा, असं त्याला वाटलं.

"एक सांगून ठेवतो. वीसेक वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. ते मुद्दाम."

आदोमासने यावर विचार केला. खरोखर केला. मागची वर्षं एकेक करून तपासत असावा.

"बोलत नव्हतास?"

"नाही."

"बरं वाटायचं," आदोमास म्हणाला. "या गल्लीत तू एकटाच शहाणा, असं म्हणायचो मी."

"कुणाला?"

"माश्यांना."

झेनोनास बाजूला झाला.

मग जे झालं ते अंगणातल्या कुणालाच पुढे नीट सांगता आलं नाही, आणि पेत्रोनेलेला सांगता आलं नाही म्हणजे ते तसंच असणार. आदोमासने जाळी घातली नाही, हातमोजे घातले नाहीत. डहाळ्यांची जुडी पाण्यात बुडवून त्याने मोहोळावर शिंपडली, आणि पाऊस आला असं समजून माश्या एकमेकींना आणखी बिलगल्या. मग त्याने टोपली बादलीखाली धरली, उघडा हात कोपरापर्यंत मोहोळात घातला आणि जरा वेळ तसाच ठेवला, एखाद्याच्या खांद्यावर ठेवावा तसा. गिंताउतास आगीत शिरणारा माणूस, पण त्यानेही श्वास धरला होता. हात बाहेर आला तो माश्यांची जाड बाही घालून. ती बाही आदोमासने टोपलीत उतरवली. राणी तिच्यात असणार, कारण पुढच्याच क्षणी ऑर्गनचा तो अडलेला सूर लागला. सगळं अंगण त्या सुराने भरलं, आणि मूर्तीवरच्या माश्या, झग्याच्या फटीत गेलेल्याही, वळल्या आणि टोपलीच्या काठावरून आत चालू लागल्या. उडत नव्हत्या, चालत होत्या, प्रार्थना संपल्यावर माणसं चर्चबाहेर पडतात तशा, न ढकलता.

उरलेल्यांना आदोमास पिसाने हळूहळू लोटत होता. आधी बादली मोकळी झाली, मग छाती. मग हनुवटी दिसली, किंचित वर केलेली, डावीकडे वळलेली. मग ओठ, खालचा जरा पुढे आलेला. मग मधेच चेपलेलं नाक. मग एक भुवई खाली, एक वर.

तेक्ले आपल्या चपलांकडे बघायला लागली. पेत्रोनेलेने छातीवर क्रूस काढला. गिंताउतासने मूर्तीकडे पाहिलं, मग आदोमासकडे, मग परत मूर्तीकडे. "अरे, हा तर..."

"माश्यांसमोर नको," तेक्ले म्हणाली.

झेनोनास आपणच कोरलेला चेहरा पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत होता. मग त्याने कोठीच्या खिडकीकडे पाहिलं. ती आदोमासच्या अंगणावर उघडत होती. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. हिवाळाभर लाकडावरून नजर उचलली की समोर हे एकच तोंड होतं, आणि त्याआधीचे सगळे हिवाळेही तेच.

आदोमासने टोपलीवर फडकं बांधलं आणि संतासमोर उभा राहून त्याला बराच वेळ न्याहाळलं. दाढी करायला त्याच्याकडे तळहाताएवढा आरसा होता, त्यात एका वेळी एकच गाल मावायचा.

"माणूस चांगला वाटतो," तो म्हणाला. "कोण आहे?"

'मामा' हा शब्द झेनोनासच्या जिभेच्या टोकावर आला. पण टोपली दोघांच्या मधे गवतावर ठेवलेली होती आणि आतून मंद सूर येत होता. बिचूलिसाशी खोटं बोलता येत नाही.

"तू," तो म्हणाला.

आदोमासने पुन्हा पाहिलं.

"नाक मोठं झालंय."

"नाही झालेलं," चौघंही एकदम म्हणाली, शक्य तितक्या हळू.

रविवारी फादरांनी पोतं ओढलं तेव्हा जमलेल्या लोकांत जी शांतता पसरली ती बँडलाही भावली असावी, कारण गाणं पहिल्यांदाच बसलं. कुणी हसलं नाही. एक म्हातारी मूर्तीजवळ गेली, चेहऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा घरी आहे हं." मग तिने सवयीने मान लववून नमस्कार केला, आधी संताला आणि मग मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आदोमासला. त्या एका वाक्यासाठी झेनोनासने तीस संत कोरले होते. तो नाक शिंकरायला बंबाच्या मागे गेला.

संध्याकाळी आदोमास मधाचं पोळं ताटलीत घेऊन आला आणि झेनोनासच्या बाकावर बसला. तेक्लेने काकडी कापून आणली. काकडी मधात बुडवून दोघांनी खाल्ली. मग आदोमास बसला. झेनोनासही बसला. न बोलण्याची त्याला वीस वर्षांची सवय होती, पण ती कुंपणाच्या अलीकडून. एकाच बाकावर ती टिकेना.

"एक विचारू? अळंबी त्या वेळी कुठे मिळाली होती?"

आदोमासने हनुवटी वर केली, डावीकडे. "जंगलात."

झेनोनासच्या कानशिलात जुना राग चढायला लागला. पण भांडायची सोय राहिली नव्हती, म्हणून नाइलाजाने त्याने त्या हनुवटीच्या रेषेत पाहिलं. तळ्यावरून, लव्हाळ्यावरून ती रेषा थेट जाऊन एका वाकड्या पाइनच्या बुंध्याला टेकत होती.

"तो वाकडा पाइन?"

"त्याच्या मागे. तेव्हा दाखवला होता की."

झेनोनासने ती रेषा पुन्हा एकदा डोळ्यांनी मोजली. मग तो बाकावरून हळूहळू उठला. त्याच्या डोळ्यांसमोर फायर स्टेशन आलं होतं. ते याच गल्लीच्या टोकाला होतं. त्याच्यासमोर, सगळ्या गावाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, आदोमासचा चेहरा उभा होता, हनुवटी वर, डावीकडे, आणि रेषा लांबवली तर तळ्यावरून, लव्हाळ्यावरून.

त्याने आदोमासकडे पाहिलं. आदोमासही उठला होता.

सोमवारी पहाटे पाव आणायला निघालेल्या गिंताउतासला फायर स्टेशनसमोर दोन म्हातारे दिसले. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एकाने संताचे खांदे धरले होते, दुसऱ्याने पाय, आणि दोघं मिळून त्याला चौथऱ्यावर जरासा फिरवत होते. गिंताउतासला वाटलं, उन्हासाठी असेल. आता फ्लोरियनचं तोंड दलदलीकडे आहे. त्या शरदात, अळंबीच्या दिवसांत, निम्मं गाव संताच्या हनुवटीवर विश्वास ठेवून तिकडे गेलं आणि गुडघाभर भिजून, रिकाम्या टोपल्या घेऊन परतलं. ज्याला त्याला विचारलं तर जो तो म्हणाला, सहज फिरायला गेलो होतो.